घरातला वास आणि एअर फिल्टर: खान्देशातल्या घरांसाठी अगदी पहिल्यापासून

एअर प्युरिफायर घेऊन महिना झाला, हवा स्वच्छ असल्याचा हिरवा दिवा रोज लागतो, आणि तरी बाहेरून घरात पाऊल टाकलं की कालच्या फोडणीचा वास तसाच नाकात शिरतो. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही गावच्या ओळखीच्या घरी गेलो की ही तक्रार कानावर येतेच. यंत्र बिघडलेलं नसतं. त्यातला मुख्य फिल्टर, ज्याला हेपा म्हणतात, तो धूळ, धूर, परागकण असे कण अडवण्यासाठी बनवलेला असतो. चांगला हेपा ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. वास मात्र वायूच्या रूपात येतो. वासाचे रेणू या कणांपेक्षा शेकडो पटींनी लहान असतात, त्यामुळे चाळणीतून पाणी जावं तसे ते हेपातून सरळ निघून जातात. आणि तो हिरवा दिवा बहुतेक यंत्रांत फक्त धूळ मोजतो. वासाशी त्याचं देणंघेणं नसतं.

वास धरणारा फिल्टर वेगळा असतो, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा. तो कसा निवडायचा, कुठे ठेवायचा, कधी बदलायचा हे या लेखात सांगतो आहे. पण फिल्टर येतो चौथ्या पायरीवर. पहिल्या तीन पायऱ्या नीट केल्या तर बऱ्याच घरांत पैसे खर्च न होताच काम होतं, म्हणून कृपा करून त्या गाळू नका.

सगळ्यात आधी: दोन धोके

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, त्याचा तो सडक्या कोबीसारखा वास. असा वास आला तर फिल्टर, पंखा, एक्झॉस्ट, काहीही चालू करू नका. चालू असलेलं बंदही करू नका, कारण बटणाची ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून उंचावरची खिडकी उघडून समाधान मानू नका, खालचं दार सताड उघडा.

दुसरा धोका हिवाळ्यातला. आपल्याकडे थंडी कडाक्याची पडते आणि काही घरांत रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो ना हेपा अडवतो ना कार्बन. घरात कितीही चांगलं यंत्र असलं तरी शेगडी बंद खोलीत नको. हे मी हात जोडून सांगतो.

पायरी १: वासाला त्याचं नाव द्या

"ए माय, घरमा कसाना वास ई ऱ्हायना?" गावाकडची मावशी उंबऱ्यातच विचारते आणि आपल्याला कळतच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. नाक काही मिनिटांतच सवयीच्या वासाला सरावतं. म्हणून स्वतःच्या घरातला वास ओळखायचा तर किमान पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत फिरून या, आणि आत येताना पहिल्या दोन-तीन श्वासांत जे जाणवेल तेच खरं धरा. त्याहून चांगलं म्हणजे आल्या-गेल्या पाहुण्याला मोकळेपणानं विचारा.

मग त्या वासाला मराठीत नाव द्या. 'घाण वास' म्हणून थांबू नका. आपल्या बोलण्यात वासाची जी नावं आहेत, त्यातलं प्रत्येक नाव कारणाकडे बोट दाखवतं.

कुबट म्हणजे ओल आणि बुरशी. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरात पावसाळाभर येतो तो. सिमेंटच्या घरातही भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे, घडी करून ठेवलेल्या गोधड्यांत, बाथरूमलगतच्या भिंतीच्या खालच्या फूटभर पट्ट्यात तो सापडतो. तळवा लावून पाहा, भिंत गार आणि दमट लागते, रंगाचे पोपडे सुटलेले असतात.

आंबूस म्हणजे ओलं कापड किंवा खरकटं. मोरीजवळचं पायपुसणं, ओट्याचं फडकं, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर.

खवट म्हणजे जुनं तेल. आपल्याकडे शेंगदाणे, तीळ, खोबरं पोत्यानं आणि डब्यानं भरून ठेवतात, आणि मे महिन्याच्या उष्णतेत त्यातलं तेल लवकर खवटतं. चिमणीच्या जाळीत आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर साचलेली फोडणीही असाच वास देते. शेवभाजीचा रस्सा आणि काळा मसाला रोज होत असेल, तर वासाचा शोध ओट्याच्या वर दोन हातांवरूनच सुरू करा.

धुरकट किंवा करपट वास बहुतेक वेळा ताजा असतो आणि कारण माहीत असतं. फ्लॅटमध्ये गॅसवर भाजलेली भरताची वांगी, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, किंवा बाहेर शेतात पेटवलेल्या कपाशीच्या काड्या. या धुरात कणही असतात आणि वायूही, म्हणून इथे हेपा आणि कार्बन दोघांचंही काम पडतं.

उग्र म्हणजे रसायन. नवा रंग, थिनर, नवं प्लायवूड, फिनाईल. आणि आपल्या भागात फवारणीची औषधं. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात कित्येक घरांत औषधाच्या बाटल्या जिन्याखाली किंवा धान्याच्या खोलीतच ठेवलेल्या असतात. हा वास फिल्टरनं घालवायचा विचारही करू नका. त्या बाटल्या आजच घराबाहेर, कुलपात, मुलांच्या आणि गुरांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा जागी हलवा.

गटारी वासाचं मूळ नळाच्या कामात असतं आणि नाक झोंबणारा, मुतासारखा वास अमोनियाचा: गोठा, लहान मुलांची दुपटी, मांजर. कोंदटपणा हा खरं तर वेगळा वासच नाही. त्याच त्या हवेत सगळे वास मिसळून बसले की खोली कोंदट होते.

दोन-तीन दिवस एका कागदावर नोंद ठेवा: वास कुठल्या खोलीत, किती वाजता, कशानंतर. रात्री प्रत्येक खोलीचं दार वेगवेगळं लावून सकाळी एकेक उघडून पाहिलं, तर मूळ कुठल्या खोलीत आहे ते फार लवकर कळतं.

पायरी २: मूळ काढा

भुसावळच्या एका नातेवाइकांकडे मे महिनाभर घर बंद होतं. सगळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले ते जूनमध्येच परतले. आल्यावर घरभर गटारीचा वास. दुकानातून प्युरिफायर आला, आठवडाभर रात्रंदिवस चालला, फरक शून्य. मी गेलो तेव्हा बाथरूममधल्या न्हाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. त्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं राहतं आणि तेच गटारातली हवा अडवतं. उन्हाळ्यात घर बंद राहिलं की ते आटतं आणि गटार थेट घरात उघडतं. प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, संध्याकाळी वास गेला होता. आता गावी जाताना ते पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडतात, तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा आटतं. ज्या पाहुण्यांच्या बाथरूमचा वापर होत नाही तिथेही आठवड्याला तांब्याभर पाणी टाका.

कूलरचं तर वेगळंच. उन्हाळ्यात घरातल्या शेवाळी, माशासारख्या वासाला निम्म्याहून जास्त वेळा मी कूलरलाच जबाबदार धरतो. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण रिकामं करा, आतून घासा, तासभर उन्हात सुकू द्या. आठवड्याचा हा नेम डासांसाठीही हवाच, अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. कूलरचं गवत दर हंगामाला नवं घाला. आणि रोजची एक सोपी सवय: कूलर बंद करायच्या पंधरा मिनिटं आधी पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. गवत सुकतं आणि कुजण्याला वाव राहत नाही.

कुबट वासाला मात्र चिकाटी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. गळती शोधा. धाब्यावर पावसाआधी माती घालून ठोकून घेणं हे आपले आजोबा करत तेच आजही खरं औषध आहे. गाद्या-गोधड्यांना पोळ्याच्या सुमारास ऊन मिळेल त्या दिवशी बाहेर काढा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते आणून खोलीत ठेवा. काटा ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर बुरशी वाढत राहणार आणि कुठलाही फिल्टर तिच्यामागे धावत राहणार.

मासे, बोंबील, सुकट यांचा वास अमाइन नावाच्या पदार्थांचा असतो. आम्लानं तो बसतो. ओटा, कटिंग बोर्ड, हात लिंबानं किंवा व्हिनेगरनं पुसा.

धूप, कापूर, रूम फ्रेशनर यांनी वास जात नाही, त्यावर दुसरा वास चढतो. देवघरातला धूप देवासाठी असू द्या, वासाच्या उपायासाठी तो नको. धुरानं फिल्टरच लवकर भरतो.

पायरी ३: जुनी हवा बाहेर, नवी आत

मूळ काढल्यावरही भिंती, पडदे, गाद्या काही दिवस वास सोडत राहतात. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघडणं. आपल्याकडे प्रश्न वेळेचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर दुपारी खिडकी कोण उघडणार? पहाटे पाच ते आठ ही तीन तासांची वेळ पकडा. तेव्हा बाहेरची हवा गार आणि बऱ्यापैकी स्वच्छ असते. वाऱ्याच्या दिशेची खिडकी थोडी आणि विरुद्ध बाजूची पूर्ण उघडा, हवा ओढली जाते.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी हवीच. घरातल्या वासाविरुद्धची खरी लढाई इथे जिंकली जाते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

चिमणी दोन प्रकारची असते. पाइपची चिमणी धूर आणि वास घराबाहेर टाकते. बिनपाइपची चिमणी हवा तेलाच्या जाळीतून आणि कार्बनच्या फिल्टरमधून ओढून परत त्याच स्वयंपाकघरात सोडते. बिनपाइपच्या चिमणीतला तो कार्बन फिल्टर धुता येत नाही. आपल्याइतकी फोडणी असेल तर तो तीन-चार महिन्यांत संपतो. तो बदलला नाही तर ती चिमणी वासाच्या बाबतीत नुसता आवाज करते. भिंतीला भोक पाडता येत असेल तर पाइपचीच घ्या, पाइप सहा इंची ठेवा आणि त्याला वळणं कमीत कमी द्या. ओट्यापासून दोन ते अडीच फूट उंचीवर बसवा. तेल तापायच्या आधी दोन मिनिटं चालू करा, स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. स्टीलच्या पट्ट्यांची जाळी दर पंधरा-वीस दिवसांनी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात भिजवून धुवा.

आणि मिरची भाजायची असेल, काळ्या मसाल्याचं सामान परतायचं असेल, तर ते अंगणात किंवा गच्चीवरच. मिरचीतलं कॅप्सायसिन धुराबरोबर उडतं आणि घरभर ठसका लागतो. तो वास आणि ठसका आत आल्यावर फिल्टरच्या हाती फार थोडं उरतं. भरीतही जमेल तेव्हा बाहेर, काड्यांवर भाजा. चव चांगली येते हे तुम्हाला मी सांगायला नको.

पायरी ४: फिल्टरच्या आत काय असतं

इथवर येऊनही वास राहत असेल, तर आता फिल्टर. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्याचा स्वयंपाक, रस्त्यालगतचा धूर, शेजारचा गोठा, आजारी माणसाची खोली, अशी मुळं आपल्या हातात नसतात. तिथे फिल्टरचं मोल मोठं आहे.

यंत्रात साधारण तीन थर असतात. बाहेरची जाळी केस, कापूस, मोठी धूळ अडवते आणि ती धुता येते. जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस, दालमिलच्या परिसरातली भुकटी या जाळीवरच थांबते. मग हेपा. आणि मग कार्बन.

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे कोळसाच, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा, पण वाफेनं किंवा रसायनानं खूप तापवून त्याच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात. तुमच्या घरच्या आरओमध्ये पाण्याचा वास काढणारी जी कार्बनची कॅन्डल असते, तिच्यात हेच असतं. या छिद्रांच्या आतल्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर एका ग्रॅमची जागा साधारण १,००० चौरस मीटर भरते. आपल्या हिशोबात दहा गुंठे. म्हणजे चार ग्रॅममध्ये एक एकर रान. वासाचे रेणू या रानात येऊन भिंतींना चिकटून बसतात.

यावरून तीन गोष्टी समजतात, आणि त्या समजल्या की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही.

पहिली, रान भरतं. जागा संपली की नवा वास धरला जात नाही. म्हणून कार्बन किती ग्रॅम आहे यालाच सगळं महत्त्व. काळ्या रंगाचा पातळ स्पंज म्हणजे कार्बनची पूड फासलेला फोम. त्यात मोजके ग्रॅम असतात आणि फोडणीच्या घरात तो काही आठवड्यांत भरतो. मधाच्या पोळ्यासारख्या खणांत दाणे भरलेला, हलवला की खुळखुळणारा, हाताला वजनदार लागणारा फिल्टर हवा.

दुसरी, चिकटलेलं सुटतंही. उष्णता वाढली की कार्बनची पकड सैल होते, आणि हवेत दमटपणा जास्त असेल तर पाण्याची वाफच ती जागा अडवते. भरलेला फिल्टर मे महिन्यात तापलेल्या खोलीत उलट वास सोडू लागतो. 'यंत्र लावलं की जास्त वास येतो' असं कुणी म्हणालं तर त्यावर हसू नका, त्याचं नाक खरं सांगतं आहे.

तिसरी, सगळे वास सारखे चिकटत नाहीत. फोडणी, धूर, रंगाचं थिनर, घाम असे जड रेणू चांगले धरले जातात. अमोनिया, फॉर्माल्डिहाइड असे हलके रेणू साध्या कार्बनवर टिकत नाहीत. त्यांच्यासाठी रसायन मुरवलेला कार्बन किंवा पोटॅशियम परमँगनेट लावलेले जांभळे दाणे असलेले फिल्टर मिळतात. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे दाणे नवे वाटायला नकोत. केळी लवकर पिकू नयेत म्हणून साठवणुकीत इथिलीन शोषायला जे पोटॅशियम परमँगनेट वापरतात, तेच हे.

चुलीतला किंवा इस्त्रीचा लाकडी कोळसा टोपलीत ठेवून हे काम होत नाही. त्याला इतकी छिद्रं नसतात.

पायरी ५: खोली मोजा

टेप घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि ३५ नं भागा, घनमीटर मिळतील. १२ बाय १२ ची खोली, छत १० फूट: १,४४० घनफूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला निदान पाच वेळा ही हवा फिल्टरमधून जायला हवी, म्हणून पाचनं गुणा: तासाला सुमारे २०५ घनमीटर. यंत्राच्या खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते. तो इतका किंवा जास्त हवा.

दोन सावधगिऱ्या. हा आकडा पंखा सगळ्यात वेगानं फिरत असतानाचा असतो. रात्री शांत आवाजात तो बराच कमी होतो. म्हणून हिशोबापेक्षा एक माप मोठं यंत्र घेऊन मध्यम वेगावर चालवणं मला जास्त पटतं. आणि हा आकडा कणांसाठी मोजलेला असतो. वासासाठी त्याचा अर्थ 'किती हवा ओढतो' एवढाच घ्या, बाकी कार्बनच्या वजनावर. जुन्या वाड्यातल्या, एकमेकींत उघडणाऱ्या खोल्या एकच खोली धरून मोजाव्या लागतात, कारण हवा दारापाशी थांबत नाही.

पायरी ६: दुकानात

फिल्टर बाहेर काढून दाखवायला सांगा. हातात घ्या, हलवा, शक्य असेल तर काट्यावर ठेवा. कार्बन किती ग्रॅम आहे हे सरळ विचारा. सांगता येत नसेल तर त्या यंत्राकडून वासाची अपेक्षा ठेवू नका. मला एका दुकानात 'हा फिल्टर तीन वर्षं चालतो' असं छातीठोक सांगितलं होतं. उघडून पाहिलं तर नखाएवढ्या जाडीचा स्पंज निघाला.

बदली फिल्टरची किंमत यंत्राच्या किमतीबरोबरच लिहून घ्या, आणि तो जळगाव-धुळ्यात मिळतो की मागवावा लागतो तेही विचारा. यंत्र एकदा घेतलं जातं, फिल्टर दर वर्षी. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' या शब्दांना काही अर्थ नाही. एच १३ (ही हेपाची एक प्रत) किंवा ९९.९७ टक्के असा स्पष्ट उल्लेख हवा.

'ओझोन', 'ओझोनेटर' असं लिहिलेलं यंत्र घरात आणू नका. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, दमेकऱ्यांना तर फारच, आणि माणसाला सुरक्षित असलेल्या प्रमाणात तो वास काढतही नाही. आयन सोडणारं बटण असेल तर ते बंद ठेवता येतं का पाहा.

विजेची चिंता बरेच जण करतात. ५० वॅटचं यंत्र दहा तास चाललं तर अर्धं युनिट जळतं.

पायरी ७: ठेवायचं कुठे, चालवायचं कधी

वासाच्या मुळाजवळ, पण भिंतीपासून किमान एक-दीड फूट सोडून. पडद्यामागे किंवा सोफ्याच्या कोपऱ्यात दडपून ठेवलेलं यंत्र तीच ती हवा गिळत राहतं. शेगडीजवळ कधीच नाही. उडणारं तेल फिल्टरवर बसलं की तो कायमचा गेला. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या दाराशी, बैठकीच्या बाजूला, ही माझी आवडती जागा.

यंत्र चालू असताना खिडक्या बंद. आधी खिडक्या उघडून जुनी हवा घालवा, मग बंद करून यंत्र लावा. 'ऑटो' वर विसंबू नका. वासाचा वेगळा सेन्सर नसेल तर ते वास आला म्हणून वेग वाढवत नाही. फोडणीच्या वेळी हातानं वेग वाढवा, तासाभरानं कमी करा.

आता खान्देशातली मोठी अडचण: कूलर. कूलरला खिडकी उघडी लागते, तो तासाला हजारो घनमीटर बाहेरची हवा आत फेकतो. त्यापुढे दोनशे-तीनशे घनमीटरचं यंत्र म्हणजे तापीच्या पुरात तांब्यानं पाणी उपसणं. शिवाय ती दमट हवा कार्बनची जागा अडवते आणि हेपाला बुरशी लागण्याची भीती असते. त्यामुळे कूलरच्या महिन्यांत यंत्र बंद करा, फिल्टर काढून हवाबंद प्लास्टिक पिशवीत बांधा आणि कपाटात ठेवा. ज्या खोलीत एसी आहे तिथे मात्र उन्हाळ्यातही यंत्र छान चालतं, कारण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. एसीचा आंबूस वास बहुतेक वेळा तिथून किंवा पाणी जाण्याच्या तुंबलेल्या नळीतून येतो.

कपाट, चपलांचं शेल्फ, फ्रिज अशा छोट्या बंद जागांना यंत्र लागत नाही. पाणी शुद्धीकरणाच्या सामानाच्या दुकानात करवंटीच्या कार्बनचे दाणे सुटे मिळतात. पाव किलो दाणे सुती पिशवीत बांधून आत ठेवा. त्याच पिशव्या मोठ्या खोलीत टांगून उपयोग नाही, हवा त्यांच्यातून जातच नाही. अशा पिशव्या महिन्याला उन्हात ठेवल्या तर ओलावा आणि थोडे हलके वास निघून जातात, पण कार्बन नव्यासारखा होत नाही. त्यासाठी कारखान्यातली ८०० अंशांच्या आसपासची भट्टी लागते, आपलं मे महिन्याचं ऊन पुरत नाही.

पायरी ८: देखभाल

बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. हेपा आणि कार्बन धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानंही पुसायचे नाहीत. हेपा हलक्या हातानं झटकला तरी त्याचा कागद फाटू शकतो.

कंपनी सांगते ते सहा महिने किंवा वर्ष हे हेपासाठी ठीक आहे. कार्बन आधी संपतो आणि यंत्रातला दिवा त्याबद्दल काही सांगत नाही, तो बहुतेक यंत्रांत फक्त चाललेले तास मोजतो. कार्बनची परीक्षा नाकानंच. पहाटे बाहेर चक्कर मारून या, यंत्र पूर्ण वेगावर लावा आणि बाहेर पडणाऱ्या हवेपाशी नाक न्या. हवेला काहीच वास नसेल तर चालू द्या. शिळ्या फोडणीचा किंवा आंबूस वास आला तर त्याच आठवड्यात बदला.

ही परीक्षा वर्षातून तीनदा ठरवून घ्या, म्हणजे विसरत नाही. पावसाळा सरताना पोळ्याला, फटाक्यांचा धूर ओसरल्यावर दिवाळीनंतर, आणि भरताचा हंगाम संपून कूलर बाहेर काढायच्या आधी होळीला. होळीच्या परीक्षेत नापास झालेला फिल्टर पिशवीत बांधून ठेवू नका, टाकून द्या, आणि नवा मात्र तेव्हा आणू नका. तो पावसाळ्यात, कूलर आत गेल्यावर आणा. सील फोडलेला कार्बन यंत्राबाहेर नुसता पडून राहिला तरी खोलीतली हवा शोषून हळूहळू भरतच असतो.